डाव्या अंगाचे दात

कानस दाताच्या खाचेत बसेना. कोंडाजीने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. पहिली तिकोनी, करवतीची. लाकूड कापायच्या मशीनच्या साखळीचा दात मात्र आतून गोल, त्याला गोलच कानस हवी. ती आणायला अलिबागच्या बाजारात जाताना त्याने साखळीचा एक तुटका दात मापाला म्हणून खिशात घालून नेला होता. “कुणाचा दात?” दुकानदाराने विचारलं. “शेठचा,” कोंडाजी म्हणाला. दुकानदाराने दात निरखला आणि गोल कानस काढून दिली.

साखळी आवळून धरायला शेगडा सायकलवाल्याकडून मागून आणला. हातोडी सोनाराची आणली, कारण लोहाराच्या हातोडीने रिवेटबरोबर कडीही चेपली असती. ऐरण घरातच होती. बायकोचा, सोनाबाईचा, मसाल्याचा लोखंडी खलबत्ता त्याने पालथा घातला.

“साखळीला मिरचीचा वास येईल,” सोनाबाई म्हणाली.

“मग लाकूड शिंकंल.”

एक कडी पार तुटली होती. तिच्या जागी त्याने जुन्या मोठ्या करवतीच्या पात्याचा तुकडा कापला, त्याला भोकं पाडली आणि नवी कडी बसवली. त्या करवतीला आता कुणी विचारत नव्हतं.

दिनानाथशेठच्या वखारीत हे परदेशी मशीन चैत्रात आलं. तोवर तिथले ओंडके किहीमचे कोंडाजी आणि धर्माजी कापत. कोंडाजी वर उभा, धर्माजी खाली खड्ड्यात, मध्ये एक करवत. धर्माजीच्या डोक्यावर जन्मभर भुसा पडला, पण वर यायचं नाव त्याने कधी काढलं नाही. मशीनला एकच माणूस लागतो. शेठने वरचा ठेवला, खालचा काढला. धर्माजी आता दुसऱ्याच्या वाडीत पोफळींना पाणी लावी, आणि समोरून कोंडाजी आला की रस्ता सोडून बांधावरून जाई. कोंडाजीला ते फार लागलं होतं. पण सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं तोच बांधावरून जात होता.

मग आंब्याच्या एका ओंडक्यात कुणीतरी कधीकाळी ठोकलेला खिळा निघाला. साखळी तुटली, सगळे दात बोथट झाले. शेठने सांगून टाकलं, “शनिवारी मशीन चाललं तर ते तुझ्याच हाती. नाही चाललं तर मुंबईहून मेस्त्री येईल आणि पुढे तोच चालवील.”

शनिवारी वखारीत अर्धं गाव जमलं. धर्माजीही आला. हाताची घडी घालून मागे उभा राहिला. फजिती बघायला आलोय हे त्याने लपवलं नाही.

मशीन सुरू झालं. साखळी गरगर फिरली, भुसा उडाला. मग काप हळूहळू उजवीकडे वळायला लागला, वळत वळत गेला आणि अर्ध्या ओंडक्यात मशीन अडकून बसलं.

“पिऊन आलंय काय हे?” शेठ म्हणाला.

लोक हसले. धर्माजी हसला नाही. वाकडा काप बघून त्याला राहवेना. तो पुढे आला आणि मशीन बंद होताच त्याने साखळीवरून बोट फिरवलं.

“एक दात उजव्या अंगाला, एक डाव्या. करवतीसारखंच हाय,” तो शेठला म्हणाला. “उजवे वस्तऱ्यासारखे झालेत. डाव्यांना कानसच लागली न्हाय.”

“का रे?” शेठ कोंडाजीवर ओरडला.

“ते माझे न्हायत, शेठ. करवत घासताना मी उजव्या अंगाला बसायचो, ह्यो डाव्या. दुसऱ्याच्या दाताला कानस लावणं म्हंजे त्याच्या ताटात हात घालणं.”

“मग आता घाल!”

“न्हाय जमायचं. हात तसा वळतच न्हाय. तुमी मेस्त्री बोलवा.”

धर्माजीने कोंडाजीकडे बघितलं. चैत्रापासून पहिल्यांदाच बघितलं.

“दे ती कानस,” तो म्हणाला.

तो डाव्या अंगाला बसला. कोंडाजी आपल्या जागेवर, उजव्या अंगाला बसला. त्याला काही काम नव्हतं, तरी बसला. दात घासता घासता धर्माजीचं बोट एका कडीवर थांबलं.

“ही आपल्या करवतीची?”

“व्हय.”

धर्माजीने त्या कडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि पुढचा दात घेतला.

दुसरा काप सुतासारखा सरळ गेला. शेठ डोळ्यांनी बघेल तेवढंच खरं मानणारा माणूस. त्याने धर्माजीला तिथल्या तिथे परत कामावर घेतलं आणि कंपनीवर चिडला. मशीनला दोन माणसं लागतात हे विकताना सांगायला नको?

कोंडाजी घरी पोचण्याआधी बातमी घरी पोचली होती. सोनाबाई दारातच उभी होती.

“हात वळत न्हाय म्हणालात?”

“व्हय.”

“मागं धर्माभावजी तापानं पडले व्हते, तवा अख्खी करवत तुमीच घासली व्हती. दोन्ही अंगांनी.”

कोंडाजीने पालथा खलबत्ता उचलला, सुलटा केला आणि तिच्यापुढे ठेवला.

“तू मिरच्या कूट,” तो म्हणाला.