रंगवलेली खिडकी

आमच्या जिनोआत बंदरालगतच्या घरांना निम्म्या खिडक्या खऱ्या आणि निम्म्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या. पाहुणे हमखास फसतात. त्यांना शहर दाखवणं हा माझा धंदा, त्यामुळे माझं बरं चालतं.

त्या सकाळीही घोळका घेऊन गल्लीत शिरले. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली लोंबत होती. नेदा मावशीची, रोजचीच. तिच्यासाठी आणलेला गरम फोकाच्चा पाव मी टोपलीत ठेवला आणि दोरीला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे आता ओढ. टोपली वर सरकू लागली.

"काय गं भवाने, उपाशी मारतेस का मला?"

मी वळले. नेदा मावशी काठी टेकत दारातून बाहेर येत होती.

"मावशी, तू खाली? मग टोपली कोण ओढतंय?"

"कसली टोपली? दोरी कालच तुटली माझी. म्हणून तर गुडघ्यांचे हाल करत जिना उतरले."

सगळ्यांनी वर पाहिलं. मावशीची खिडकी बंद होती. टोपली शेजारच्या खिडकीपाशी पोचली आणि पडद्याआड गेली. ती खिडकी पडद्यासकट माझ्या वडिलांनी रंगवलेली. मागे नुसता दगड.

"काय कमाल करता हो तुम्ही!" घोळक्यातल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

मावशीने माझा दंड घट्ट धरला.

टोपली रिकामी होऊन खाली आली. सवयीने मी दोरी धरली.

वरून दोन हिसके बसले.