सातवा टेक

येरवड्यात बॉक्सिंगच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नायकाच्या वस्तादाची भूमिका करणारे दादामियाँ खऱ्या आयुष्यातही वस्तादच होते. कोपऱ्यातून वस्तादानं टॉवेल रिंगमध्ये टाकला, की लढत तिथंच थांबते. पण पटकथेतला वस्ताद तो मुठीत आवळून धरतो, नायक उठतो आणि जिंकतो. सहा टेक दिग्दर्शकाला खोटे वाटले. सातव्यात नायक झालेला रणजित ठोसा खाऊन कोसळला, डोळे फिरले, डावा पाय झटके देत राहिला. दुसऱ्या क्षणी दादामियाँचा टॉवेल रणजितच्या छातीवर होता. “अहो दादामियाँ, पटकथा आपण लिहिलीय का?” दिग्दर्शकानं खवचटपणे विचारलं. रणजित हसत उठून बसला. “ॲक्टिंग होती ती! ठीक आहे मी, काका.” दादामियाँ त्याच्या ग्लोव्हजची नाडी सोडवू लागले. “बेटा, शेवटच्या लढतीत माझा पोरगाही हेच म्हणाला होता. मी ऐकलं.”