साहेबांच्या सायकलीमागे

ड्रायव्हरचे डोळे उघडले तेव्हा गाडीचा बंपर आणि सायकलीचं मागचं चाक यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

त्याने ब्रेकवर पाय रोवला. गाडी आचका देऊन बंद पडली. साहेबांना कशाचाच पत्ता नव्हता. मान खाली, ढुंगण वर, कानात गाणी, अंगाला चिकटलेला पोपटी पोशाख. ते पाय मारत पुढे पुढे गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

ड्रायव्हरने काच खाली करून तोंडावर वारा घेतला. छत्तीस वर्षांत त्याच्या गाडीने कोणाला साधा ओरखडा काढला नव्हता.

साहेब शर्यतीला उतरणार होते. चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस पळायचं. सगळं एका दिवसात, मध्ये बसायचं नाही. त्यासाठी दर रविवारी साहेब सायकल मारणार आणि मागून कोणी धडक देऊ नये म्हणून ड्रायव्हर चारी दिवे लुकलुकवत तीसच्या वेगाने गाडी रांगवणार. गाडीत पाणी, केळी, दोन जादा ट्यूब आणि कसल्याशा नारिंगी पाण्याच्या आठ बाटल्या.

आज पहाटे पाचला तो फाटकाशी हजर झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खडे टोचत होते. साहेबांच्या सासू-सासऱ्यांचं विमान उशिरा आलं होतं. त्यांना घरी सोडून तो अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अडीच वाजले होते.

साहेब मात्र ताजेतवाने. मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाले, "काका, बघा. झोपेला शंभरपैकी ब्याऐंशी!"

झोपेलाही आता मार्क मिळायला लागले होते. ड्रायव्हरला हसू आलं नाही.

"साहेब, माझी दोन तासही झाली नाही. आज दुसऱ्या कोणाला बोलावता का?"

"अहो, रविवार चुकला की माझा सगळा आठवडा कोसळतो. उद्या संचालकांची मीटिंग, मंगळवारी पोहणं, बुधवारी पूर्ण विश्रांती. विश्रांती तर मी मेलो तरी सोडत नाही. तुम्हाला काय, नुसतं बसूनच तर यायचंय."

नुसतं बसून एकशे दहा किलोमीटर झाल्यावर त्याचा डोळा लागला होता.

साहेबांना गाठून थांबवावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने गाडी सुरूही केली. पण समोरच्या रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या दोन रेघा झाल्या. फोन करावा, तर साहेबांचा फोन शेजारच्या सीटवरच पडलेला; गाणी ते घड्याळावरच ऐकत. त्याने गाडी झाडाखाली घेतली, हँडब्रेक ओढला आणि सीट मागे पाडली. नोकरी जायची तर जाऊ दे. पुढच्या क्षणी तो घोरत होता.

काचेवर धाडधाड थापा पडल्या तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. बाहेर साहेब, लालबुंद, ओठांना फेस.

"मेलो असतो मी तिकडे पाण्यावाचून! चौदा किलोमीटर उलटा आलोय, तेही वाऱ्याच्या विरुद्ध! लाज नाही वाटत?"

वाटत होती. खाली उतरून ड्रायव्हर हात जोडणारच होता.

"साहेब, गाडी चालवता चालवता डोळा लागला माझा. तुमच्या पाठीत घुसणार होतो. एवढं अंतर राहिलं होतं." त्याने वीत करून दाखवली.

साहेबांनी त्या वितीकडे पाहिलं. मग ते वळले, सायकलीमागे उकिडवे बसले आणि मागचं चाक फिरवून त्याला कान लावला.

"चाकाला लागलं नाही ना? परदेशातून मागवलंय मी हे."

माफीचे शब्द ड्रायव्हरने गिळून टाकले. हा माणूस कंपनीत चारशे लोकांच्या वर बसतो, हे त्याला ठाऊक होतं. कसा बसतो, ते आज समजलं.

साहेब उठले, दोन बाटल्या घटाघट प्याले आणि त्यांचा पारा उतरला. "चला, झालं गेलं. चाळीसच राहिलेत. तोंडावर पाणी मारा आणि या मागे."

ड्रायव्हरने किल्ली काढली आणि बोनटवर ठेवली.

"मी येत नाही, साहेब. दुसरा माणूस बघा."

"म्हणजे? काका, नोकरीचा विचार केलाय ना?"

"केला. झोपायच्या आधीच केला."

त्याने आपला डबा काखेत मारला आणि तो चौकाच्या दिशेने चालू लागला. तिथून बस मिळायची.

दहा-पंधरा पावलं गेला असेल, मागून हाक आली.

"अहो काका! मग गाडी कोण नेणार?"

"तुम्ही न्या. चालवता येते की तुम्हाला."

"मी?" साहेबांचा आवाज चिरकला. "एकशे चाळीस किलोमीटर सायकल मारलीय मी! डोळ्यांपुढे अंधारी येतेय. इतका दमलेला माणूस गाडी चालवतो का कुठे? एखाद्याचा जीव जाईल!"

ड्रायव्हर थांबला. वळून त्याने साहेबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

साहेब थट्टा करत नव्हते.