दोडक्याची भाजी

‘शांत आहे. सांगितलेलं ऐकते. दिलेलं खाते.’

बालगृहातून मंदाबाईंकडे सांभाळायला दिलेल्या सात वर्षांच्या काजलबद्दल समाजसेविका रंजिता दर भेटीच्या अहवालात हेच लिहायची. लिहिताना, का कोण जाणे, तिचा जीव थोडा थोडा व्हायचा. आजची भेट शेवटची. काजल इथेच राहणार की बालगृहात परत जाणार, हे आजच्या अहवालावर ठरायचं होतं.

रंजिता मंदाबाईंच्या गावी, गिरडला पोचली, अंगणात पाय ठेवला आणि आतून ताट आदळल्याचा आवाज आला.

“पुन्हा दोडका! मी नाई खात. तूच खाय!” काजल पाय आपटत ओरडत होती. “मले भजेच पायजे!”

मंदाबाई पांढऱ्याफटक पडल्या. “ताई, हे नका लिहू जी. इतकी गुणाची पोरगी, आजच काऊन असं करून राह्यली! नेऊ नका तिले.”

“लिहिणार तर! सगळ्यात आधी हेच लिहिणार!” रंजिताने उंबऱ्यावरच बसकण मारली. हसतच तिने पेन काढलं.

‘काजलने आज ताट आदळलं, भांडली, हट्ट केला. मुलगी आता या घरात पाहुणी राहिलेली नाही.’