भागीरथीची पोरं

"इथे सही करा, काका. काकूंच्या औषधाची पिशवी नष्ट करायला तुमची संमती लागते." डॉक्टर संध्याने कागद पुढे सरकवला.

हिरामणने पेन उचललं नाही. त्याच्या बायकोला, भागीरथीला, जाऊन चार दिवस झाले होते. तिचं औषध काल आलं होतं.

औषध म्हणजे तिच्याच रक्तातल्या पेशी. महिन्यापूर्वी ती पाच तास खुर्चीत बसून होती. यंत्र तिचं रक्त ओढत होतं, त्यातल्या लढणाऱ्या पेशी काढून उरलेलं परत देत होतं. त्या पेशींना प्रयोगशाळेत तिचा कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि मग तिच्याच अंगात सोडायचं, असं ठरलं होतं. भागीरथी तळवली गावभर सांगत सुटली, "माझी पोरं शालंत गेलीत. शिकून आली का बगा."

पोरं शिकून आली. तोवर ती टिकली नाही.

"दुसऱ्या कुनाला द्या."

"चालत नाहीत, काका. ज्याच्या त्यालाच."

"जिती हायत?"

"हो. गोठवलीत, पण जिवंत आहेत."

"मंग लढू द्या त्यांना."

"कुणाशी? काकू नाहीत आता."

"तिचा आजार हाय ना! कमरेच्या हाडातून काढून तुमीच ठेवलाय."

"त्याने काकू परत येणार नाहीत."

"म्हाईत हाय. पन तो जिंकला, असं मी लिहून देनार नाय."

पेशी संशोधनाला देण्याचा दुसरा कागद आला. त्यावर त्याने सही केली. अट एकच घातली, मला बघायचंय.

दहाव्याच्या सकाळी खाडीवर माणसं जमली, तेव्हा हिरामण प्रयोगशाळेत स्टुलावर बसला होता. आदल्या दिवशी काचेच्या ताटलीत दोन्ही पेशी एकत्र सोडल्या होत्या. पडद्यावर कॅन्सरच्या पेशी हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकत होत्या. काल पडदा भरून होत्या. आज बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. तो बघत असतानाच एक ठिपका विझला.

फोन वाजला. थोरला भाऊ, सिताराम.

"कुठं हायस? भटजी खोलंबलेत. पिंडाला कोन बसनार? तिला ना पोर ना बाल, नवरा तरी हजर नको?"

"कोन बोलला पोर नाय?" हिरामणने पडद्यावरची नजर हलवली नाही. "तुमी मांडून ठेवा, दादूस. पोरांचं काम उरकलं का येतो."