मारुतीरायाची खुर्ची

थिएटरच्या पन्नाशीला मालक त्र्यंबकशेठनी सिनेमाच्या प्रत्येक काळाचा एकेक नट निवडून त्याची तसबीर भिंतीवर लावायचं ठरवलं. मूकपटांचा ठरला, रंगीतपटांचाही ठरला. कृष्णधवल काळावर मात्र भांडण जुंपलं.

"तलवारबहाद्दर नायकच हवा! वत्सलाताई, तुमचे दादा नुसत्या चिपळ्याच वाजवायचे की हो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. वत्सलाताईंचे वडील, दादा, त्या काळातल्या संतपटांतले नट. आज तसबीर लागली नाही, तर वडिलांचं नावच पुसलं जाणार होतं.

"आधी बघा तरी," म्हणत शेठनी दादांचा कीर्तनाचा प्रसंग पडद्यावर लावला.

रामकथेला मारुतीरायासाठी पाट रिकामा ठेवतात ना, तशी शेठ पहिल्या रांगेतली एक खुर्ची कायम रिकामी ठेवत. स्प्रिंगची खुर्ची ती, माणूस बसल्याशिवाय खाली होत नसे. पडद्यावर दादांनी रामनाम घेतलं आणि ती कुरकुरत खाली आली. हसणारे जागच्या जागी गार झाले.

वत्सलाताई मात्र पडद्याकडेच बघत होत्या. हा प्रसंग त्यांना लहानपणापासून पाठ होता. दादा त्यात कुठेच थांबत नाहीत. आज ते मधेच थांबले. चिपळ्या खाली ठेवून त्यांनी त्या खुर्चीला वाकून नमस्कार केला.

"ताई, हे होतं यात?" शेठनी विचारलं.

"नव्हतं," म्हणत त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

मघाचा ओरडणारा हळूच पुढे आला. "शेठ, खिळा कुठं ठोकू?"