टर्बोच्या आधी

जनार्दनराव गाडी बाहेर काढत होते, तेवढ्यात सोसायटीच्या गेटपाशी शेजारचे भास्करराव आडवे आले.

"केम, आज पण गॅरेज?" त्यांनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं.

"सेन्सर बसवायचाय. इंजिनातून निघणाऱ्या धुराचा ताप मोजणारा."

भास्कररावांनी शेजारच्या सीटवर बसलेल्या जनार्दनरावांच्या मुलीकडे, योगिनीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मुलगा लाखात एक आहे. आता बोलून टाका ने. वहिनी असत्या तर केव्हाच बोलून मोकळ्या झाल्या असत्या."

जनार्दनरावांनी उत्तरादाखल गिअर टाकला. योगिनी खिडकीबाहेर बघत हसू दाबत राहिली.

भास्कररावांना दोष देण्यात अर्थ नव्हता. या गाडीची जी देखभाल हल्ली चालली होती, ती पाहून अख्ख्या मांजलपूरला संशय आला असता. आधी हॉर्न, मग वायपर, मग काहीच न झालेला एसी. दर वेळी गॅरेज मात्र एकच, मकरपुऱ्याच्या रस्त्यावरचं, अमोघचं. गाडी टर्बो डिझेल, चांगली धट्टीकट्टी; बिघाड होता तो मालकाच्या धिटाईत. लग्नाचा विषय काढायचा, एवढंच काम, आणि तेच होत नव्हतं. अमोघ नाही म्हणाला तर विषय कायमचा बंद, असं त्यांनी घरी बजावून ठेवलं होतं. त्या नकाराची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

"डिकीत पेढे ठेवलेत," योगिनी म्हणाली. "मांडवीतून आणलेत. ते परत घरी येणार नाहीत, बाबा."

"बघू."

"बघू नाही. आज."

अमोघ तिशीतला, अंगानं सडसडीत आणि बोलण्यात बेताचा. त्याचे वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. त्याचं शिक्षण संपेपर्यंत गॅरेज त्याच्या आईनं, वसुंधराबाईंनी ओढलं. आजही फोन आणि सुटे भाग त्याच सांभाळत. घर गॅरेजच्या मागेच होतं. योगिनीला पाहून त्या उठल्या, तिला आत घेऊन गेल्या, आणि थोड्याच वेळात दोघींच्या हसण्याचा आवाज बाहेर यायला लागला.

अमोघनं बॉनेट उघडलं. "काका, सेन्सर टर्बोच्या नंतरच्या पाइपात बसवू? काम सोपं, धोका नाही."

"तिथं खरा आकडा मिळेल?"

"नाही. टर्बोतून जाता जाता ताप बराच उतरतो. कमी दाखवणार, आणि उशिरा."

"मग टर्बोच्या आधी बसव. मॅनिफोल्डमध्ये, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र येतो तिथं." जनार्दनरावांची सगळी नोकरी रिफायनरीत तापमापकं लावण्यात गेली होती. "आम्ही भट्टीचा ताप चिमणीच्या टोकाला मोजत नव्हतो."

"पण सेन्सरचं टोक तुटलं तर सरळ टर्बोच्या पंख्यात. टर्बो गेलाच समजा."

"टोक चांगलं घ्यायचं. भिऊन लांबून मोजायचं नाही."

चहा घेऊन आलेली योगिनी हे ऐकत उभी होती. "दुसऱ्यांना छान सांगता, बाबा," ती म्हणाली आणि कप ठेवून परत आत गेली. अमोघ गालात हसला. जनार्दनरावांनी बिनसाखरेच्या चहात उगाचच चमचा फिरवला.

अमोघनं मॅनिफोल्ड जागेवरच भोसकलं नाही. अख्खं उतरवून बाकावर घेतलं, भोक पाडलं, आटे काढले, लोखंडाचा कीस कणाकणानं झाडला. त्यातला एक कण टर्बोत गेला तरी महागात पडलं असतं. काम वेळखाऊ होतं. त्यानं घाई केली नाही. हा मुलगा आपल्या घरातला झाला तर किती बरं होईल, असं जनार्दनरावांना वाटून गेलं, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

दुपारी दोघं गाडी हायवेला फिरवून आले. पुलाच्या चढावर नव्या मीटरचा काटा झरझर वर गेला, उतारावर तितक्याच झटकन खाली आला.

"बराबर," अमोघ म्हणाला. "एकदम खरं दाखवतोय."

परत आले तेव्हा योगिनी गॅरेजच्या दारातच उभी होती. तिनं स्वतः डिकी उघडली, पेढ्यांचा खोका काढला आणि वडिलांच्या हातात दिला. आता पळायला वाट नव्हती.

"अमोघ," जनार्दनराव म्हणाले, "मी लग्नाचं विचारायला आलोय. रीतसर. माणसं परस्पर ठरवतात आणि मग घरच्यांना कळवतात, तसं मला करायचं नाही. तुझ्या मनात किंतु असेल तर आत्ताच सांग. मी राग धरणार नाही, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही."

अमोघनं योगिनीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. तो बराच वेळ कापडाला हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"काका, मी केव्हापासून वाट बघतोय, आज विचाराल, उद्या विचाराल," तो शेवटी म्हणाला. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डोळे भरून आले होते, ते त्यानं लपवले नाहीत.

मग तो घराकडे वळला आणि त्यानं हाक मारली, "आई, जरा बाहेर ये. तुला मागणी आली आहे."